अपघातानंतरचे कागद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी तो बदलून मागितला. आपल्या बहुतेकांची मुलं आता कॉलेजात आहेत आणि त्या संधींची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे. मला बोलायचंय ते आपल्याविषयी. गेल्या तीन वर्षांत आपल्या बॅचच्या गटावर रस्ते अपघाताच्या तीन बातम्या आल्या. एका वर्गमित्राला आपण गमावलं. दुसऱ्याचा हात कायमचा अधू झाला. तिसरा माझा धाकटा भाऊ, आपल्या मागे दोन वर्षं याच शाळेत होता. तिन्ही वेळा तुम्ही वर्गणी काढलीत आणि माझ्या घरासाठीही काढलीत, हे मी विसरणार नाही. पण तिन्ही वेळा कायद्याने आणि विम्याने जे पैसे मिळू शकत होते, ते आपल्या वर्गणीच्या कितीतरी पट होते. ते कुठे मागायचे, किती दिवसांत मागायचे, हे गटातल्या दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. म्हणून हा विषय.

मी वकील नाही. माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं. पण भावाच्या फायलीबरोबर अडीच वर्षं राहिले आणि विम्याची पॉलिसी ओळ न् ओळ वाचायची सवय लागली. ते वाचन आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट पहिल्या तासाची. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. रस्त्यात पडलेल्याला उचलायला आजही लोक घाबरतात, कारण 'पोलीस चौकशीत अडकवतील'. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याने नाव सांगितलंच पाहिजे, अशी सक्तीही नाही. तेव्हा आपल्या मुलांना सांगा : उचला आणि दवाखान्यात न्या.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. कुठल्याही मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या माणसाला, त्याच्याकडे विमा असो वा नसो, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालय योजनेत असावं लागतं. काउंटरवर पैसे भरण्याआधी 'तुम्ही या योजनेत आहात का?' हा प्रश्न विचारायचा. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की हा रस्त्यावरचा अपघात आहे, एमएलसी नोंदवा. 'घरात पडला असं लिहू, म्हणजे पोलिसांची कटकट नको' असा सल्ला देणारा कोणीतरी नातेवाईक प्रत्येक कुटुंबात असतो. त्याचं ऐकू नका. केसपेपरवरचं ते एक वाक्य पुढे सगळ्या दाव्यांच्या आड येतं.

आमच्या क्षेत्रात काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो : कोणत्या वेळी काय घडलं याची, त्याच वेळी झालेली नोंद. नंतर आठवून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा त्या नोंदीला किंमत जास्त. अपघातातही तसंच आहे. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा व नकाशा, एमएलसी, दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्या गाडीचा नंबर, ही ती नोंद. भावाच्या प्रकरणात विमा कंपनीचं म्हणणं होतं की तोच चुकीच्या बाजूने आला. पंचनाम्याच्या नकाशात टेम्पोच्या चाकांचे घासल्याचे वळ आणि मोटारसायकल पडल्याची जागा रस्त्याच्या मध्यापासून मोजून लिहिलेली होती. तो मुद्दा तिथेच संपला. एका हवालदाराने उन्हात उभं राहून टेपने घेतलेली मापं दोन वर्षांनी उपयोगी पडली.

नियमाप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याची प्रत मागणं हा जखमीचा हक्क आहे. 'साहेब बघतील' म्हणून बसून राहू नये. पोलीस ठाण्यात जाऊन नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा विचारावं.

आता मुख्य मुद्दा. अपघातानंतर पैसा तीन वेगवेगळ्या खिशांतून येऊ शकतो. लोक हे तिन्ही एकच समजतात आणि एक मिळालं की दुसरं सोडून देतात.

पहिला खिसा आपल्या आरोग्य विम्याचा, म्हणजे मेडिक्लेमचा. तो रुग्णालयाचा खर्च देतो. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा चालत नाही, पण अपघाताला ही अट नसते. फक्त खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी बघा. मर्यादा रोज तीन हजारांची असेल आणि आपण सहा हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत फक्त खोलीचा फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. जखमी माणसाला खोली निवडायचं भान नसतं. ते भान बाहेर बसलेल्याने ठेवायचं.

दुसरा खिसा अपघात विम्याचा. यात खर्चाची बिलं नसतात, ठरलेली रक्कम असते : मृत्यू झाल्यास इतकी, कायमचं अपंगत्व आल्यास इतकी. काही पॉलिसी कामावर जाता येत नाही तेवढ्या आठवड्यांचेही पैसे देतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. हे २० रुपये बँक आपोआप कापते आणि खातेदाराच्या घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या गेलेल्या मित्राच्या बाबतीत हेच झालं. त्याच्या पासबुकातली ती २० रुपयांची नोंद आपल्याच एका मैत्रिणीने, जी बँकेत आहे, शोधून काढली आणि वहिनींना २ लाख मिळाले. एका नोंदीचे २ लाख! घरातल्या प्रत्येकाचं पासबुक या नजरेने एकदा बघा.

गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. खड्ड्यात गाडी घसरली, समोर कोणी नव्हतं, दोष आपलाच, तरी तो लागू होतो. मात्र तो मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. आणि तो मालकाला मिळतो, मालक स्वतः चालवत असताना, वैध लायसन्स असेल तर. मित्राची गाडी मागून नेली आणि आपल्याच चुकीने पडलो, तर त्या गाडीच्या विम्यातून आपल्याला सहसा काही मिळत नाही. मागे बसणाऱ्याचंही असंच. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्याच दुचाकीवर मागे बसलेली बायको किंवा मुलगा त्यात धरला जात नाही. पॅकेज, म्हणजे आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, तो असेल तर धरला जातो. हा फरक विमा उतरवतानाच विचारायचा.

शेतकरी मित्रांसाठी : गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती येते, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख. रस्ता, वीज, सर्पदंश, विहीर असे अपघात यात येतात. हप्ता भरावा लागत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. आणि सर, बाई, तुम्हाला ठाऊक असेलच, पण पालकांना ठाऊक नसतं : पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीही राज्य सरकारची राजीव गांधींच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे. दरवर्षी पहिल्या पालक सभेत ती वाचून दाखवावी, ही विनंती.

तिसरा खिसा सगळ्यात मोठा, आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज. तो म्हणजे समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा.

भाऊ दवाखान्यात असताना आठव्या दिवशी टेम्पोचा मालक आला. हात जोडले, ४० हजारांचं पाकीट पुढे केलं आणि तयार लिहून आणलेला कागद : 'आमची काही तक्रार नाही, आपसांत मिटलं.' वडील सही करायला निघाले होते. भीतीने नाही, दयेने. म्हणाले, "गरीब माणूस आहे गं. एक टेम्पो, त्यावर घर चालतं. त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?" मी त्यांना त्या टेम्पोच्या विम्याची प्रत दाखवली. सांगितलं, "अप्पा, पैसे हा देणारच नाही. विमा कंपनी देणार. हा दरवर्षी हप्ता भरतो तो याच दिवसासाठी." अप्पांनी पाकीट परत केलं आणि त्या माणसाला चहा पाजून पाठवलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे दावा न करण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. आपण भले लोक आहोत. पण गाडीला थर्ड पार्टी विमा हवाच, अशी सक्ती कायद्याने केली तीच मुळी गाडीवाला गरीब असला तरी जखमीचं घर उघड्यावर पडू नये म्हणून. माणसाच्या मृत्यूसाठी आणि इजेसाठी या विम्याला रकमेची कमाल मर्यादा नाही. चालकाच्या लायसन्समध्ये खोट निघाली तरी अनेक प्रकरणांत न्यायालयाने विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला लावलं आहे. गाडीचा विमाच संपलेला असेल, तर मात्र सगळा भार मालकावर येतो. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम मिळतो. पाच वर्षांनी तो संपतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून दयेचा विचार उलट्या बाजूनेही करा : उद्या आपल्या गाडीने कुणाला लागलं तर?

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. बहुतेक ठिकाणी ते जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच असतं. अपघात नगरला झाला आणि तुम्ही नाशिकला राहता, तर नाशिकलाही दावा करता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने. ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण आपण सहा महिने हीच भिंत समजून चालावं. प्लॅस्टर निघेपर्यंत चार महिने जातात, हे लक्षात घ्या.

भरपाई कशी ठरते? इथे गणिताच्या बाई बसल्या आहेत, म्हणून फळ्यावर मांडल्यासारखं सांगते. समजा वय ४२, स्वतःचा धंदा, महिना २५ हजार. वर्षाचे झाले ३ लाख. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून या वयाच्या स्वयंरोजगार करणाऱ्याला २५ टक्के जास्त धरतात, ३ लाख ७५ हजार. ४१ ते ४५ वयासाठी गुणक १४. गुणाकार ५२ लाख ५० हजार. आता यातली किती कमाईची ताकद गेली, तेवढे टक्के. ३० टक्के गेली असेल तर १५ लाख ७५ हजार. ६० टक्के गेली असेल तर ३१ लाख ५० हजार. याशिवाय उपचारांचा खर्च, बुडालेले दिवस, वेदना, पुढच्या शस्त्रक्रिया वेगळ्या. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात घालून दिला, वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात.

सगळी लढाई असते त्या शेवटच्या टक्क्यांवर. माझा भाऊ वायरमन. घोट्याचं हाड जुळलं, पण घोटा ताठ राहिला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आलं २२ टक्क्यांचं. कंपनीने २२ टक्केच धरले. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय की शरीराचं अपंगत्व किती हा एक प्रश्न, आणि त्यामुळे या माणसाच्या कमाईवर परिणाम किती हा वेगळा प्रश्न. ताठ घोट्याचा कारकून उद्या कामावर जाईल. ताठ घोट्याचा वायरमन शिडी चढू शकत नाही. आमच्या वकीलबाईंनी डॉक्टरांना साक्षीला बोलावलं आणि एकच नेमका प्रश्न विचारला, "हा माणूस शिडी चढून दोन्ही हात मोकळे ठेवून काम करू शकेल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." त्या 'नाही'वर प्रकरणाचा नूर बदलला.

उत्पन्नाचा पुरावा ही दुसरी अडचण. पगारपत्रक नसणाऱ्यांनी घाबरू नये. आयकर विवरणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर बँकेत जमा झालेल्या रकमा, इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या उधारीच्या वहीतल्या नोंदी, ज्यांच्या घरी काम केलं त्यांचे जबाब, हे सगळं चालतं. आणि मैत्रिणींनो, 'मी तर घरीच असते' असं म्हणू नका. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाला मोल आहे आणि ते भरपाईत धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती प्रकरणात पुन्हा ठासून सांगितलंय.

आता तीन खिशांचा आपसांत संबंध काय? अपघात विम्याचे किंवा आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून न्यायाधिकरणाने भरपाई कापायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये आपल्याच एसटी महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात ठरवलं. आणि मेडिक्लेममधून मिळालेली रक्कमही भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. कारण साधं आहे : ते पैसे आपण हप्ते भरून मिळवलेले आहेत, धडक देणाऱ्याला त्याचा फायदा का द्यायचा?

धडक देऊन गाडी पळाली तर? तेव्हाही रस्ता आहे. अशा अपघातात सरकारच्या योजनेतून मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयाकडे. चूक कुणाची हे सिद्ध करत बसायचं नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर जखमेला अडीच लाख अशी ठरलेली भरपाई मागता येते. पण ती घेतली की मोठ्या दाव्याचा मार्ग बंद होतो, तेव्हा विचार करून. रस्त्यातल्या खड्ड्यामुळे अपघात झाला तर, ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमीसाठी ५० हजार ते अडीच लाख भरपाईचा आदेश दिलाय. रोज लोकलने जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं : गाडीतून पडल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरण वेगळं आहे, मुदत एक वर्ष, आणि पास किंवा तिकीट हा मोठा पुरावा. जखमीच्या खिशातला पास सांभाळून ठेवा.

आपल्याच विमा कंपनीने दावा नाकारला तर नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते विचारा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, एक वर्षाच्या आत जायचं. नाहीतर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. भावाच्या मेडिक्लेममधले कापलेले ६८ हजार लोकपालांकडे दोन पानी अर्ज देऊन परत मिळाले. ते अर्ज लिहिणं दहावीच्या निबंधापेक्षा सोपं आहे.

वकिलांबद्दल. दवाखान्याच्या दारात येऊन 'मिळेल त्यातले तीस टक्के द्या' म्हणणारे भेटतील. भरपाईत टक्का ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटतं हे खरं, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. पहिल्या लोकअदालतीत आम्हाला सांगितलेला आकडा भावाने मानला नाही. दीड वर्षाने त्याच्या जवळजवळ अडीच पटीवर तडजोड झाली. मात्र थांबण्यासाठी घरात दुसरी मिळकत लागते. आमच्याकडे ती होती, आणि सुरुवातीचे महिने तुमची वर्गणी होती. ज्याच्याकडे नसते, त्याला लहान आकड्यावर सही करावी लागते. म्हणून वर्गणीचं मोल मी कमी लेखत नाही. तिने माणसाला थांबता येतं.

भाऊ आता शिडी चढत नाही. त्या पैशातून त्याने मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय, बसून करायचं काम. घोटा तसाच आहे, पावसाळ्यात ठणकतो. पैशाने घोटा परत येत नाही. पण दोन्ही मुली शिकतायत आणि घर गहाण पडलं नाही.

शेवटी चार कामं, आज रात्री घरी गेल्यावर करायची. एक, एम-परिवहन अ‍ॅपवर आपल्या गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघा. दोन, पासबुकात २० रुपयांची नोंद आहे का ते तपासा, नसेल तर उद्या बँकेत जा. तीन, पॉलिसींचे नंबर एका कागदावर लिहून घरातल्या दोघांना दाखवा. चार, वारसाचं नाव बरोबर आहे का बघा. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून आईचंच नाव असलेले इथे पुष्कळ निघतील.

जेवणानंतर आपली वकील मैत्रीण, बँकेतली मैत्रीण आणि मी जुन्या दहावी 'ब' च्या वर्गात बसणार आहोत. पॉलिसी फोनमध्ये असेल तर घेऊन या, वाचून देऊ. मागच्या बाकावरच्यांनी आधी यायचं. त्यांना तेव्हाही सगळं शेवटच्या दिवशीच आठवायचं.